व्याह्यांचा टॉवेल

गेणूभाऊंचं मळणीयंत्र नारायणगावपासून आण्याच्या पठारापर्यंत खादाड म्हणून प्रसिद्ध होतं. एका सुगीत त्यानं दोन चपला, एक विळा आणि कुणाचा तरी चालू मोबाईल गिळला. मोबाईल तीन दिवस भुसाच्या ढिगात वाजत राहिला आणि चौथ्या दिवशी म्हशीनं उचलला, असं शपथेवर सांगणारी माणसं अजून हयात आहेत.

पण वीस सुग्यांत त्या यंत्रानं माणसाचं नखसुद्धा खाल्लं नव्हतं. यंत्रापाशी कुणाचा पदर सुटलेला दिसला, कुणाच्या बाह्या लोंबताना दिसल्या, की गेणूभाऊंचा आवाज इंजिनावरून जायचा.

त्या सकाळी ते आण्याला लेकीच्या सासरी बाजरी करायला आले होते. रुपालीच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. आल्या आल्या त्यांनी तिच्या आजेसासूला, चिमाबाईंना, धरलं.

"आत्याबाई, पदर खोचा. मशिनीला म्हातारं-तरणं कळत न्हाई."

"मला गिळून तुज्या मशिनीचंच प्वाट बिघडंल, पावण्या," म्हणत म्हातारीनं पदर कमरेला आवळला.

तेवढ्यात सासरे सयाजीराव नारळ, टोपी आणि टॉवेल घेऊन आले. व्याही पहिल्यांदा रानात आला की त्याचा मान करायचा, आणि त्यानं तो जेवण होईपर्यंत अंगावरून उतरवायचा नाही, अशी त्या घरची रीत. टॉवेल असा लांब, की एक टोक आण्यात धरलं तर दुसरं आळेफाट्यावर वाळत घालावं. सयाजीरावांनी तो व्याह्यांच्या गळ्यात घातला, वर स्वतःच्या हातानं एक वेढा दिला. गेणूभाऊंनी हात जोडले आणि टॉवेल काढून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवायला निघाले.

"का ओ पावणं, आमचा टॉवेल टोचतो का?" सयाजीरावांचा चेहरा पडला.

लग्नात टोपी उशिरा मिळाली म्हणून हेच सयाजीराव मांडवातून उठून गेले होते. समजूत काढता काढता मुहूर्त टळायची वेळ आली होती. गेणूभाऊंनी एकवार लेकीकडे पाहिलं आणि टॉवेल पुन्हा गळ्याभोवती घेतला.

"तसं न्हाई, इवाई. लई मऊ हाय."

ते पाहणं रुपालीला बरोबर कळलं. वीस सुग्यांचा नियम तिच्या संसारासाठी मोडला होता.

इंजिन असं धडधडलं की बांधावरच्या दगडांनी जागा बदलल्या. रुपाली कणसांच्या पाट्या भरून देत होती. गेणूभाऊ, तिचे आण्णा, वाकले की टॉवेलचं टोक यंत्राच्या तोंडावर यायचं, उठले की मागे जायचं. कधी वीतभर लांब, कधी चारच बोटं. तिनं डोळ्यांनी खुणावलं. हाक मारली. आण्णांचं लक्ष कणसांत. जवळ जाऊन सगळ्यांदेखत टॉवेल काढायला लावावा, तर सासऱ्यांचा अपमान, आणि तो वर्षभर घरात रोज ताटात वाढला जाणार. गप्प बसावं, तर...

पुढची पाटी तिनं भरलीच नाही. ती ट्रॅक्टरकडे धावली आणि तिनं इंजिनाचा स्टॉपर ओढला.

"कुनी बंद केलं रं?" सयाजीराव ओरडले.

काय झालं ते बघायला गेणूभाऊंनी वाकल्या वाकल्या मान वळवली, आणि बंद पडत चाललेल्या यंत्रानं शेवटच्या गरगरीत टॉवेलचं टोक धरलं. वीतभर आत गेलं, मग हातभर. गळ्याचा वेढा आवळला, गेणूभाऊ हनुवटी यंत्राच्या तोंडाला टेकेपर्यंत खाली ओढले गेले. यंत्र घरघरलं, दमलं आणि थांबलं.

रुपालीनं धावत येऊन वेढा सैल केला. गेणूभाऊंनी डोकं बाहेर काढलं. नाक चाचपलं, कान चाचपले, दहाही बोटं डोळ्यांपुढे हलवून पाहिली.

"हायेत," ते म्हणाले. "समदी हायेत."

आणि मग बाजरीच्या ढिगावर मटकन बसले. रुपाली त्यांचा हात धरून हसतही होती, रडतही होती.

यंत्राचं चाक हातानं उलटं फिरवलं, तेव्हा आतून नुसत्या चिंध्या आल्या.

"सया, बग तुज्या मानाचं काय झालं," चिमाबाई म्हणाल्या. "पोरीनं बंद केली नसती, तर पावण्याचं बी तसंच झालं असतं."

सयाजीरावांनी एक चिंधी हातात घेतली. "पावणं, माजं चुकलं."

"नियम माजा व्हता, इवाई. मोडला बी मीच."

त्या दिवशी जेवण आधी झालं. चिमाबाईंनी गेणूभाऊंना इतक्या भाकरी वाढल्या की यंत्रानंसुद्धा लाजावं.

दुपारी रुपालीच ट्रॅक्टरवर चढून बसली. सयाजीराव उत्साहानं पाटी घेऊन यंत्रापाशी आले, गळ्यात मफलर.

"मामा," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मफलर काढा. तवर चालू करायची न्हाई."

गडी जागच्या जागी थांबले. सयाजीरावांनी निमूट मफलर काढला, घडी केली आणि आईकडे दिली.

"टोपी बी काढू का गं?"

"ऱ्हाऊ द्या," रुपाली म्हणाली आणि तिनं चावी फिरवली.