चाँदची सतरा गाणी

स्टँडवरचा टॅब मायाबाईंनी दुसऱ्यांदा सरळ केला आणि दुसऱ्यांदा धम्मानंदांनी तो स्टँडसकट बाजूला सरकवला.

"राहू द्या ना समोर," मायाबाई हळूच म्हणाल्या. "पाहू नका. नुसता असू द्या."

"समोर असला का लोकाइले वाटते, हा पाहूनच गाऊन राहिला."

मायाबाई स्टेजवरून उतरल्या आणि कोपऱ्यातल्या टेबलामागे, लॅपटॉपसमोर जाऊन बसल्या. सोळा गाणी झाली होती. सतरावं, शेवटचं, त्यांच्या नवऱ्याचं होतं.

धंतोलीतल्या या छोट्या सभागृहात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कराओकेचा कार्यक्रम होत असे. मूळ गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकलेलं संगीत लावायचं आणि त्या रिकाम्या जागेत आपला आवाज घालायचा, एवढंच. नागपुरातल्या निवृत्त मंडळींना हा नाद असा काही लागला आहे की ज्यांनी नोकरीभर साहेबासमोर तोंड उघडलं नाही, ते आता हातातला माइक सोडत नाहीत. भैयाजींच्या मंडळात मात्र शिस्त होती. दर महिन्याला एक शब्द ठरायचा आणि ज्या गाण्याच्या नावात तो शब्द असेल तेवढीच गाणी घ्यायची. 'सपना' झाला, 'बादल' झाला, 'आँख' तर लोकाग्रहास्तव दोनदा झाला. या खेपेला 'चाँद' होता. एक गाणं एकदाच गायचं आणि ग्रुपवर जो आधी लिहील त्याचं ते गाणं, हा नियम भैयाजींनी स्वतः केला होता आणि स्वतः पाळत होते. त्यांनी सहा नंबरचं गाणं घेतलं होतं. भैयाजी उमरेडच्या विणकर घरातले, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांची पट्टी उंच होती आणि गाताना मान त्याहून उंच जायची.

धम्मानंद रेल्वेत सांधेवाला होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालायचा दांडा त्यांनी तीस वर्षं ओढला आणि त्या तीस वर्षांत, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, कुठल्याशा ट्रान्झिस्टरवरून पाच-सहाशे गाणी पाठ केली. मंडळात बाकी सगळे टॅबवरचे शब्द वाचून गात. सूत्रसंचालन करणारी नंदिनी दर वेळी त्यांची ओळख एकाच वाक्यात करून द्यायची, 'कागदाकडे न पाहता गाणारे आपले धम्मानंदजी.' त्या वाक्याची वाट पाहत ते विंगेत कॉलर नीट करत उभे असत. मायाबाईंना त्यांच्या या हौसेचं हसूही यायचं आणि ती त्यांना आवडायचीही.

मायाबाईंची हौस वेगळी होती. अंगणवाडीतली पस्तीस पोरं एका आवाजात बसवणाऱ्या बाईला लॅपटॉप बसवणं जड गेलं नाही. प्रत्येकाचं गाणं त्याच्या पट्टीत चढवून-उतरवून घ्यायचं, क्रमाने लावून ठेवायचं आणि नाव पुकारलं की सुरू करायचं. चार वर्षांत एकदाही त्यांच्या हातून चुकीचं गाणं लागलं नव्हतं. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यांना ते ठाऊक होतं.

सतरा नंबर सुरू झालं. बासरी संपली आणि धम्मानंदांचा आवाज आला. भरदार, थोडा खरखरीत, डोळे मिटलेले. मायाबाईंनी मात्र लॅपटॉपवर दुसरी एक खिडकी उघडून ठेवली होती आणि त्यांचं बोट तिथंच होतं.

या गाण्यात 'चाँद' चार वेळा यायचा. पहिले दोन सुखरूप जात. तिसरा, दुसऱ्या कडव्यातला, अवघड होता. इंदोऱ्यातल्या आपल्या घरी सराव करताना तिथं आलं की धम्मानंद सतरा नंबर सोडून सरळ सहा नंबरच्या कडव्यात शिरत आणि ते शेवटपर्यंत म्हणून टाकत. शब्द तोच, लय तीच, चालही तिथं जवळपास तशीच. पहिल्यांदा झालं तेव्हा मायाबाई हसल्या होत्या. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांचा भाजीतला चमचा थांबला. धम्मानंदांना काहीच कळलं नव्हतं. गाणं संपवून त्यांनी चहा मागितला होता.

त्याआधी दसऱ्याला दीक्षाभूमीवरून परतताना त्यांनी स्कूटर घरी न आणता जुन्या रेल्वे क्वार्टरसमोर नेऊन उभी केली होती. ते क्वार्टर सोडून अकरा वर्षं झाली होती. दारातल्या अनोळखी माणसाने कोण पाहिजे असं विचारलं तेव्हा धम्मानंद स्कूटर वळवत म्हणाले, हाताले सवय आहे. मायाबाईंनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं, पुण्याच्या मुलाला, संघपाललाही नाही. बोललं की ते घरात येऊन कायमचं बसेल अशी त्यांना भीती वाटत होती. म्हणून त्यांनी आपल्या परीने एक तयारी केली होती. सहा नंबरचं ते एक कडवं कापून वेगळं ठेवलं होतं.

दुसरं कडवं आलं. धम्मानंदांनी तिसरा 'चाँद' घेतला आणि ते सहा नंबरकडे वळले.

मायाबाईंनी सतरा नंबरचं संगीत हळूहळू उतरवलं. दोन-तीन सेकंद सभागृहात नुसता त्यांचा आवाज उरला, सोबतीला काही नाही. पुढच्या समेवर सहा नंबरचा तबला आला आणि आवाजाला येऊन मिळाला. समोरच्या रांगेतल्या कोणी तरी 'वा' म्हटलं. लोकांना वाटलं, दोन गाणी मुद्दाम जोडली आहेत. टाळ्या अशा पडल्या की त्या संध्याकाळी कोणालाच तशा पडल्या नव्हत्या.

टाळ्या न वाजवणारे एकटे भैयाजी होते. आपलं गाणं, तासाभरापूर्वी आपण गायलेलं, सगळ्यांसमोर पुन्हा गाऊन दाखवलं. हे गायन नव्हतं, उत्तर होतं असं त्यांना वाटलं आणि ते उठून स्टेजकडे आले.

"धम्मानंद, हे काय झालं गा? नियम माहीत आहे ना तुले?"

धम्मानंद त्यांच्याकडे पाहत उभे राहिले. काय झालं हे खरोखरच त्यांना विचारावंसं वाटत होतं, हे मायाबाईंना टेबलामागून दिसलं. त्यांनी नंदिनीच्या हातातला माइक घेतला.

"त्यांची चूक नाही," त्या म्हणाल्या. चार वर्षांत त्या माइकवर पहिल्यांदाच बोलत होत्या. "माझ्या हातून मधातच सहा नंबर लागलं. मंग त्यांनी तेच गाऊन सावरलं."

नंदिनी लगेच म्हणाली की आयत्या वेळी असं सावरायला किती गाणी पोटात असावी लागतात पाहा, आणि पुन्हा टाळ्या झाल्या. भैयाजींचा राग उतरला, पण उतरताना तो कुठं तरी जाणारच होता.

"वहिनी, थकता तुम्ही आता," ते बाजूला येऊन म्हणाले. आवाजात माया होती, त्यामुळे जास्त लागलं. "पुढच्या वेळपासून आमचा रोहित बसन इथं. भाचा माझा, कम्प्युटरचंच करते तो. मी उद्या येऊन लॅपटॉप घेऊन जातो."

"हाव," मायाबाई म्हणाल्या.

"होते असं कधी कधी," धम्मानंद सर्वांना ऐकू जाईल असं, मोठ्या मनाने म्हणाले.

मायाबाईंनी वायर गुंडाळली. नवऱ्यावर असा राग त्यांना कित्येक वर्षांत आला नव्हता.

घरी परतताना कडबी चौकाच्या अलीकडे सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीची, गाडी होती. धम्मानंदांनी स्कूटर बाजूला घेतली आणि दोन प्लेटी सांगितल्या. हिवाळ्याची संध्याकाळ होती, कढईभोवती माणसं उभी होती. दोघं प्लेटी घेऊन स्कूटरपाशी आले.

"भैयाजी सहा नंबर कोणत्या पट्टीत गाते?" धम्मानंदांनी विचारलं.

"उंच पट्टीत."

"मंग माझ्या पट्टीत कसं लागलं?"

मायाबाईंनी वडीचा तुकडा कढीत बुडवला आणि तसाच ठेवला.

"चुकून लागलं असतं तं त्याच्या पट्टीत लागलं असतं," धम्मानंद म्हणाले. ते प्लेटीकडे पाहून बोलत होते. "माझा आवाज फाटला असता. नाही फाटला."

"खा, थंडी होऊन राहिली."

"सांधा आपल्या मनानं वळत नसते, माया. कोणी तरी पहिलेपासून दांड्यापाशी उभं राहते." त्यांनी मान वर केली. "कवापासून उभी आहेस वं?"

"दसऱ्यापासून," मायाबाई म्हणाल्या.

धम्मानंदांनी मान हलवली. दसऱ्याला काय झालं होतं हे त्यांनी विचारलं नाही. वडी संपवली, हात धुतले, रुमालाला पुसले, स्कूटर सुरू केली. मायाबाई मागे बसल्या.

"इथून सरळच ना?" धम्मानंदांनी मान न वळवता विचारलं.

"सरळ," मायाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सकाळी दहाच्या सुमाराला भैयाजी आले. मायाबाईंनी लॅपटॉप, चार्जर आणि गाण्यांची यादी एका पिशवीत घालून ठेवली होती. पिशवी दाराजवळच्या खुर्चीवर होती. भैयाजी बसण्याआधीच धम्मानंदांनी ती उचलली आणि आपल्या मांडीवर घेतली.

"हे इथंच राहू दे," ते म्हणाले.

"काहून?"

"काल ट्रॅक बरोबर होता. गाणं मी चुकलो. तिनं सावरलं."

भैयाजी मायाबाईंकडे पाहू लागले. मायाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या. त्यांना वाटलं होतं हे कधीच कोणी बोलणार नाही, आणि आता ते बोलून झालं होतं, तेही सकाळच्या उजेडात, चहाच्या वेळेला.

"एखाद्या टायमाले होते गा," भैयाजी म्हणाले. "मीही अंतरा विसरतो."

"विसरलो नव्हतो. मले वाटलं, मी बरोबर गाऊन राहिलो. टाळ्या पडल्या तरी तेच वाटलं." धम्मानंदांनी पिशवीचे बंद सारखे केले. "तू आला, विचारलं, तवा समजलं का काही तरी झालं. काय झालं ते नाही समजलं. चौकात येऊन समजलं."

भैयाजींनी चहा घेतला. नियमांच्या बाहेरचं काही समोर आलं की त्यांना काय बोलावं सुचत नसे. चहा संपल्यावर ते उठले, चपला घातल्या, पायरी उतरले आणि पुन्हा मागे आले.

"म्हणजे सतरा नंबर पूर्ण झालंच नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात पहिलं तेच घेऊ. शब्द कोणता का असेना."

"आणि रोहित?" धम्मानंदांनी विचारलं.

"तो खुर्च्या लावन," भैयाजी म्हणाले आणि गेले.

मायाबाईंनी कप विसळून पालथे घातले. त्या बाहेर आल्या तेव्हा धम्मानंद टेबलाशी बसले होते. समोर संघपालच्या जुन्या वहीतून फाडलेला मोठा कागद होता.

"सतरा नंबर लिहून दे," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात."

"कागद घेऊन गासान?"

"लिही तं."

मायाबाईंनी चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. अंगणवाडीच्या भिंतीवर लिहीत तसं, ठळक, सुटं सुटं. त्यांना काही अडलं नाही. गाणं त्यांनाही तोंडपाठ होतं, हे धम्मानंदांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असावं. ते शेजारी बसून एकेक ओळ उतरताना पाहत होते.

"जिथं जिथं चाँद येते," ते म्हणाले, "तिथं लाल कर."

"लाल काहून?"

"लाल दिसलं का मी थांबतो. तुझ्याकडं पाहीन. तू हात दाखवला का पुढं."

मायाबाई उठल्या. ड्रॉवरमध्ये तीन पेनं निघाली, त्यातलं एक लाल होतं पण वाळलेलं. त्यांनी ते तळव्यावर घासून घासून सुरू केलं. पहिला चाँद लाल केला. दुसरा केला. तिसऱ्यावर आल्या तेव्हा धम्मानंदांनी त्या जागी बोट ठेवलं, आणि मायाबाईंनी तो दोनदा गिरवला.