बदली मोफत

सकाळचे साडेआठ वाजले होते. सूनबाई जेवणाच्या टेबलावर शाळेच्या पुस्तकाची प्रुफं पसरून बसल्या होत्या, आणि आतल्या खोलीत त्यांच्या सासूबाईंना कुशीवर वळवण्याचं काम चाललं होतं.

"आजी, हात माझ्या खांद्यावर टाका. हं, आता सोडा अंग. मी आहे ना."

अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेल्या भरदार बाईला एकटीनं वळवणं म्हणजे खायचं काम नाही. अंगाखालची दुहेरी चादर दोन्ही मुठींत धरायची, गुडघा पलंगाला टेकवायचा आणि एका दमात ओढायचं. दिवसातून आठ वेळा. मग पाठीला पावडर, टाचेखाली उशी, ओलं फडकं, कोरडं फडकं. ही सगळी उस्तवार करणारी मुलगी चोवीस वर्षांची होती, अंगानं काडी. सासूबाईंना आजारानंतर मोजकेच शब्द नीट फुटत. त्यातला एक त्यांनी तिला दिला होता, चिमणी. घरात तेच नाव रुळलं होतं. पाच महिने ती या घरात राहून काम करत होती आणि पाच महिन्यांत आजींच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती.

सूनबाईंना चिमणी 'वहिनी' म्हणे, तिला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीचा मालकही वहिनीच म्हणे. आपणही तेच म्हणू. वहिनींचा पेशा चुका शोधण्याचा. छापखान्यात अठरा वर्षं त्या प्रुफं तपासत होत्या. औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा त्या पेन घेऊन वाचत. एजन्सीचा करारनामा समोर आला तेव्हा सवयीप्रमाणे त्यांनी चार पानांत अकरा चुका काढल्या, लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि मग सही ठोकली. एजन्सीवाल्यानं हात जोडले होते. "वहिनी, असं शिकलेलं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं!" वहिनी तेव्हा सुखावल्या होत्या.

व्यवहार सोपा होता, म्हणजे वहिनींना तो सोपा वाटला होता. घरानं एकदा नोंदणीचे पैसे भरायचे. पगार दरमहा एजन्सीत जमा करायचा, एजन्सी तो बाईपर्यंत पोचवणार. बाई पसंत पडली नाही तर वर्षभर कितीही वेळा बदली मोफत. शिवाय एक तोंडी सल्ला. बाईचा फोन कपाटात ठेवा, रविवारी अर्धा तास द्या, नाहीतर पोरी बिघडतात. वहिनींनी तोही पाळला होता. एका सज्ञान बाईचा फोन कुलपात ठेवताना या सुशिक्षित घरात कुणालाही काही वावगं वाटलं नाही, हेही इथे लिहून ठेवलं पाहिजे.

चिमणीच्या आधी एक बाई होती, पन्नाशीची. कामाला चोख, पण रात्री घोरायची. चार महिने भरल्यावर वहिनींनी तिला परत पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी चिमणी दारात हजर झाली. वहिनींनी छापखान्यात कौतुकानं सांगितलं होतं, "मिक्सरसुद्धा इतक्या लवकर बदलून देत नाहीत हो!"

तर त्या सोमवारी चिमणी हात पुसत टेबलाशी येऊन उभी राहिली.

"वहिनी, मला आज घरी जायचंय. आणि माझा पगार हवाय थोडा. गाडीभाड्यापुरता तरी."

"आज? असं एकदम?" वहिनींनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि पगार तर आम्ही एजन्सीत भरतो. तुला मिळतोच ना?"

"नाही."

"या महिन्याचा राहिला का?"

"एकाही महिन्याचा नाही मिळाला, वहिनी. पहिले सहा महिने त्यांचेच असतात ना. काम लावून दिल्याचे, शिकवल्याचे, तिथे राहिल्या-खाल्ल्याचे. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला. कागदावर तुमची सही आहे."

वहिनींच्या हातातलं पेन प्रुफावरच राहिलं आणि शाई पसरली.

"म्हणजे पाच महिने तू फुकट राबतेयस? आणि बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? फोन कपाटात. कागदपत्रं एजन्सीच्या साहेबांकडे. आणि तक्रार केली की साहेब म्हणतात, घराला तू नको झालीस, परत ये. परत गेलं की सहा महिने पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"नवीन घर, नवीन सहा महिने. तुमच्याकडे माझ्याआधी मावशी होत्या ना, त्यांचे चार महिने भरले होते. तुम्ही पाठवल्यावर ते गेले. त्याआधीच्या घरानं तीन महिन्यांत पाठवलं होतं, तेही असेच गेले होते. मी इकडे आले तेव्हा त्या तिथल्या बाकावर बसून होत्या."

बदली मोफत! कुणाला मोफत? वहिनींना रात्रीची शांत झोप मिळाली, ती कुणाच्या खिशातून? एका बाईच्या चार महिन्यांच्या पाठदुखीतून. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्याचा पगार घेणाऱ्या या बाईला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नव्हतं. त्या उठल्या, कपाटातून करार काढला. तिसऱ्या पानावर नववं कलम होतं. 'सेविकेच्या प्रत्येक नेमणुकीचे प्रथम सहा महिन्यांचे वेतन सेवाशुल्कापोटी संस्थेकडे राहील.' त्यात 'सेविकेच्या' शब्दातली वेलांटी वहिनींनी लाल शाईनं नीट केली होती. अर्थाला त्यांनी हातही लावला नव्हता.

"पण आजच का जायचंय?" त्यांचा आवाज खाली आला होता.

"काल फोनवर आई बोलली. पाच महिने घरी पैसे नाहीत. साहेबांचा माणूस गेला, आईला थोडी उचल दिली आणि म्हणाला, मोठीचे पैसे अडकलेत, धाकटीला पाठवा, दोघी मिळून लवकर फेडतील. आईनं अंगठा दिला." चिमणीचे डोळे कोरडे होते. "ती सोळाची आहे, वहिनी. आज तिला आणणार आहेत. त्याआधी मला पोचायचंय."

वहिनींनी नवऱ्याला फोन केला. त्यांचं चष्म्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. ते तणतणतच घरी आले.

"आपण दर महिन्याला वेळेवर पैसे भरलेत, पावत्या आहेत. आपलं काय चुकलं? पुढे ते जाणोत आणि ती जाणो. तू कशाला विकतचं दुखणं घेतेस?"

"दुखणं विकतचंच आहे. पाच महिने आपण ते हप्त्यानं विकत घेतोय. आईंजवळ बसा, तासात त्यांना कूस बदलायला लागेल."

"मला ते जमत नाही!"

"तीही आईच्या पोटातून शिकून आली नव्हती," असं म्हणून वहिनी करार पिशवीत घालून चिमणीला घेऊन निघाल्या.

एजन्सी एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. काचेचं दार, गारेगार हवा, भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली 'विश्वासाचं माणूस'. आत भिंतीलगत लांब बाक. बाकावर सात-आठ बायका मांडीवर पिशव्या घेऊन बसल्या होत्या, एकही पाठ टेकून बसली नव्हती. अगदी टोकाला वेण्या घातलेली एक मुलगी होती. चिमणी दारातच थबकली.

धाकटी आधीच येऊन पोचली होती.

"ताई!" मुलगी धावत आली. चिमणीनं तिला पोटाशी धरलं.

"या या वहिनी!" एजन्सीवाला उठला. गुळगुळीत दाढी, तोंडात साखर. "काय, हिची काही तक्रार?"

"तक्रार तुमची आहे. हिचे पाच महिन्यांचे पैसे आणि कागदपत्रं आत्ता द्या."

तो हसला. त्यानं फाईल काढली आणि कराराची स्वतःची प्रत टेबलावर ठेवली, लाल शाईसकट. "कलम नऊ. वहिनी, हे तुम्ही स्वतः तपासलेलं आहे. हे बघा, तुमचंच अक्षर. तुमची दुरुस्त केलेली प्रत आता मी सगळ्यांना देतो. एकसुद्धा चूक नाही!"

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. राग त्याच्यावर होता, त्याहून जास्त स्वतःवर. वाटमारीच्या कागदाला अठरा वर्षांच्या अनुभवाची इस्त्री त्यांनीच करून दिली होती.

"या मुलीचं वय काय लिहिलंय?" त्यांनी धाकटीकडे बोट केलं.

"एकोणीस."

"कितवीत आहेस गं?"

"दहावीचा निकाल लागायचाय," मुलगी म्हणाली.

बाकावरच्या बायकांनी माना वर केल्या. एजन्सीवाल्याच्या चेहऱ्यावरची साखर थोडी विरघळली, पण माणूस मुरलेला. तो पुढे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तुम्ही घरचे आहात म्हणून सांगतो. मोठीला घरी जायचंय ना? जाऊ दे. ही धाकटी घेऊन जा. तरणी आहे, उलट बोलणार नाही, आजींना फुलासारखं सांभाळेल. एक पैसा वर द्यायचा नाही. बदली मोफत."

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. "आईंचं अंथरूण ओलं झालंय," नवरा रडवेल्या आवाजात म्हणाला. "कुणाला तरी घेऊन ये लवकर. कुणालाही!"

खोटं कशाला बोला? एक क्षणभर वहिनींच्या डोळ्यांपुढे ते ओलं अंथरूण आलं, छापखान्यातली नोकरी आली, पुढचे महिने आले. सोय समोर वेण्या घालून उभी होती. अशाच एकेका क्षणावर या बाजाराची दुकानं चालतात. चिमणी वहिनींकडे पाहत होती. तिनं बहिणीचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"नाही," वहिनी म्हणाल्या. मग बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नाही! ही माझ्याकडे येणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडेही जाणार नाही. कागदपत्रं काढा. नाही काढलीत तर सोळाच्या मुलीचं एकोणीस कसं झालं, ते मी इथून थेट पोलीस चौकीत जाऊन विचारते. चूक शोधणं माझा धंदा आहे."

बाकावरची एक बाई उठून उभी राहिली. "साहेब, माझेपण कागद द्या." मग दुसरी उठली. एजन्सीवाल्यानं काचेच्या दाराकडे पाहिलं, जिन्यावर एक नवं गिऱ्हाईक चढत होतं. त्यानं घाईघाईनं खण उघडला आणि चिमणीची कागदपत्रं टेबलावर आपटली. पैसे मात्र दिले नाहीत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असे सहजी ओकत नसतात.

दोघी बहिणींना घेऊन परतताना वाटेत वहिनींनी बँकेतून रक्कम काढली. "तुला उसने म्हणून—" त्या म्हणू लागल्या.

"उसने नको, वहिनी," चिमणी तिथेच रस्त्यात थांबली. "उसनं घेतलं की मी पुन्हा बांधली गेले. माझा पगार असेल तर द्या."

वहिनींनी मान खाली घातली. "पगारच आहे. पूर्ण पाच महिन्यांचा."

आईची उचल आजच्या आज परत करायला दोघी बहिणी दुपारच्या गाडीनं गेल्या. निरोप घेताना आजींनी चिमणीचा हात बराच वेळ सोडला नाही. ओलं अंथरूण तोवर तसंच होतं. वहिनींनी पदर खोचला.

"काय, पाच महिन्यांचे पैसे पुन्हा दिलेस?" नवरा दारातून म्हणाला. "दोनदा पगार? जगात कुणी देतं का?"

"एकदाच दिला," वहिनी म्हणाल्या. "आधी दिला तो चोराला. आता ते वसूल करायला उद्या कामगार कचेरीत तुम्ही माझ्याबरोबर यायचंय, पावत्या घेऊन. आपल्याकडच्या आधीच्या मावशींचा पत्ताही त्या कचेरीमार्फत एजन्सीकडून मागवणार आहे, चार महिन्यांचा पगार त्यांचाही देणं लागतो आपण. आणि आता तिथे उभे राहू नका. आई तुमची आहे. चादरीचं ते टोक धरा."

चष्मेवाले पुढे आले, गोंधळून चादरीचं टोक धरलं आणि जन्मात पहिल्यांदा आईला कुशीवर वळवलं. एवढ्यानंच त्यांना धाप लागली. ते पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "हे ती एकटी करायची? दिवसातून आठ वेळा?"

"आठ वेळा," वहिनी म्हणाल्या. "फुकट."