थोरलीची चीर मोठी

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तरी माझ्या कात्रीला गंज चढो!

आमचं केस कापायचं दुकान. खुर्च्या दोन. एक माझ्या थोरल्या जावेची, एक माझी. जन्मभर उभ्याचं काम. मग माझी कंबर बिघडली. ताठ उभं राहिलं की पायांत मुंग्या आणि आग, वाकलं की हायसं. म्हणून मी वाकूनच राहायला लागले. इतकी वाकले, की गिऱ्हाइकांना मी चपलांवरून ओळखायचे. दुकानात आधी माझं नाक पोचायचं, मागून मी. आरसा काही दिसायचा नाही, सगळी कात्री अंदाजाने. अर्ध्या गावाचे केस एका बाजूला उतरते झाले आणि लोकांना वाटलं, नवीन फॅशन आली!

थोरली म्हणाली, "अगं, आता तू गल्ल्यावर बस. खुर्ची माझ्या सुनेला दे."

गल्ल्यावर? मी? अंगाचा नुसता तिळपापड झाला. खुर्ची सोडायची नाही, म्हणून गेले सर्जनकडे. थोरलीही आली. ती यायचीच. तिच्या पाठीचं ऑपरेशन मागेच झालेलं, तेव्हापासून ती स्वतःला निम्मी डॉक्टर समजते.

सर्जनने माझ्या पाठीचा फोटो उजेडावर धरला. "आजी, मणक्यात नसांची वाट अरुंद झालीय. पण एकाच ठिकाणी. बारीक चीर देऊन, नळीतून दुर्बीण घालून मोकळी करता येईल."

"बारीक चीर?" थोरली उसळलीच. "भोकातून काय दिसणार, कपाळ? माझी पाठ चांगली वीतभर उघडली होती. उघडल्याशिवाय काम पक्कं होत नाही, डॉक्टर!" आणि पर्समधून स्वतःचा फोटो काढला. बरोबर घेऊनच फिरते ती.

सर्जनने तोही शांतपणे पाहिला. "तुमची वाट बऱ्याच ठिकाणी बुजली होती, शिवाय मणका सरकलेला. स्क्रू बसवायचे, तर मोठी चीर हवीच. यांचा मणका जागच्या जागी आहे. बारीक चिरेने स्नायू कमी दुखावतात, रक्त कमी जातं, घरी लवकर जाता येतं. पायांना आराम मात्र शेवटी साधारण सारखाच."

"आणि आत गेल्यावर जमलं नाही तर?" मी विचारलं.

"नीट दिसलं नाही, किंवा नसांचं आवरण फाटलं, तर चीर वाढवावी लागते. तेवढी तयारी ठेवा."

"डॉक्टर," मी म्हटलं, "गळ्याला कापड बांधून बसलेल्याने कात्रीला हुकूम द्यायचे नसतात. आत दिसेल तसं करा. मला फक्त माझ्या खुर्चीमागे ताठ उभं करा."

चीर वाढवावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात चालले, आणि तिथल्या सगळ्या नर्सांचे भांग वाकडे आहेत हे मला वरून दिसलं! थोरली भेटायला आली ती थेट पाठ बघायला. चष्मा लावला, पुसला, परत लावला.

"एवढंच? डास चावला तरी याहून मोठी खूण राहते!"

"चीर तुमचीच मोठी, जाऊबाई. मान तुमचाच."

तेव्हा कुठे तिचा चेहरा खुलला.

डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली तशी मी दुकानात हजर. बघते तर माझ्या खुर्चीत थोरली, कापड स्वतःच गुंडाळून.

"काप. वाकडे कापलेस तर उद्यापासून गल्ला."

कापले. अगदी ओळंब्यात. एकदा वाकले नाही, एकदा बसले नाही. तिने आरशात डावं पाहिलं, उजवं पाहिलं, आणि सुनेला हाक मारली, "तू माझ्या खुर्चीवर शीक गं. ही रिकामी नाही."

बरं बाई, तेवढं एक रचलं. मध्ये बसले होते. डावी बाजू झाली आणि पाय भरून आले, तेव्हा थोरलीनेच अर्धवट कापल्या केसांनी उठून मला स्टूल आणून दिलं. उजवी बाजू मग उभ्यानेच कापली. आणि तीच जास्त सरळ आली.