पाणी नको, शू नको

बाळांनो, घटकाभर असं समजा की तुम्ही तीन वर्षांचे आहात. मे महिना आहे, आणि जळगावचं ऊन असं की पत्र्यावर पापड भाजून निघावा. घशाला कोरड पडली आहे. समोर ओला माठ आहे, पण तुम्हाला सांगून ठेवलंय, इथलं पाणी प्यायचं नाही. शू दाटून आली आहे. चार पावलांवर मोरी आहे, पण सांगून ठेवलंय, इथं बसायचं नाही. काय कराल? मांडीवर मांडी दाबून गप्प बसाल. जागृती तशीच बसली होती.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. धुरपदाबाईंचं पाळणाघर त्यांच्या राहत्या दोन खोल्यांतच चालायचं. नोकरीवाल्या बायका सकाळी मुलं सोडून जात, संध्याकाळी नेत. मुलांपासून आयांपर्यंत सगळेच बाईंना अक्का म्हणत. मागच्या अंगणात, मोरीच्या कडेला, अक्कांनी प्रत्येक मुलासाठी दोन-दोन विटा मांडल्या होत्या. विटांवर खडूने चित्रं काढलेली. कुणाचा पोपट, कुणाचा ट्रॅक्टर, जागृतीची केळी. दूध पिऊन झालं की सगळी पलटण विटांवर बसायची आणि गाणी म्हणायची. झाली तर शाबासकी, नाही झाली तर, “राहू दे, मग येईल.” ओली चड्डी डोक्यावर ठेवणं, चिमटे काढणं, ‘शी, घाणेरडी’ म्हणणं अक्कांना खपत नसे. त्या म्हणत, “पोर चालायला शिकताना पडलं तर आपण मारतो का? मग इथंच का मारायचं?”

तीन महिन्यांत जागृती आपणहून सांगायला लागली होती.

मग रावेरहून तिची आजी आली, बेबाबाई. गुडघ्याच्या औषधासाठी महिनाभर राहणार होती. एके सकाळी ती नातीला सोडायला आली. पायरीवर पाय टाकला आणि समोरच्या भिंतीवरचे बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो पाहिले. टाकलेला पाय तिने मागे घेतला.

दुसऱ्या दिवसापासून जागृतीच्या गळ्यात प्लास्टिकची बाटली आली. घरचं पाणी. ते दहा वाजेपर्यंत संपायचं. मग पोर ओठ चाटत बसायची. माठातलं पाणी पुढे केलं की मान हलवायची, विटांकडे चल म्हटलं की दाराची चौकट घट्ट धरायची. अक्कांना काही कळेना. विंचू-बिंचू दिसला की काय? त्यांनी मोरी घासून काढली. विटा डुगडुगतात म्हणून नव्या आणल्या, त्यांच्यावर पुन्हा केळी काढली. जागृती तिकडे बघायचीसुद्धा नाही.

आठव्या दिवशी दुपारी तिची चटईवरच झाली. थोडीशीच, हळदीसारखी पिवळी. आणि ती किंचाळली. आग होत होती.

अक्कांनी तिला धुतलं, पुसलं, मांडीवर घेतलं.

“बेटा, पाणी का गं पीत नाहीस?”

“आजी डागेल.”

“कशाने?”

“उलथन्याने. तुमचं पाणी वाईट आहे. इथं शू पण नाही करायची. तुम्ही धुता ना.”

अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आजीचा राग तर आलाच होता. बाळांनो, आठ दिवस आपण विटा बदलत बसलो, याचाही त्यांना राग आला होता.

संध्याकाळी जागृतीची आई सुनंदा ऑफिसातून परस्पर आली. बेबाबाईही बाजारातून येऊन पायरीखाली उभी राहिली आणि आल्या आल्या तिनेच तोंड उघडलं.

“काय व बाई, मोठं नाव ऐकलं होतं तुझ्या पाळणाघराचं! पोरीले काहीच शिकवत नही? रोज घरी येता येता जिन्यातच मुतते. काल मी दोन चिमटे काढले चांगले!”

अक्कांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. “सुनंदा, पोरीला इथं पाणी प्यायचं नाही असं सांगितलंय, हे तुला माहीत होतं?”

सुनंदा चपलेकडे बघत म्हणाली, “अक्का, महिनाभराचाच प्रश्न होता. त्या परत गेल्या की…”

“महिनाभर? आठ दिवसांत पोर लघवीला किंचाळायला लागली! आज आधी डॉक्टरकडे ने तिला. आणि काय गं, तुझ्या टेलिफोन ऑफिसात माठ कोण भरतं, हे विचारून पितेस का पाणी?”

“तिले कशाले बोलते?” बेबाबाई म्हणाली. “आमच्यात नही चालत.”

मुलांशी नेहमी पुस्तकातलं बोलणाऱ्या अक्कांच्या तोंडी आता त्यांची घरची बोली आली. “काय नही चालत व, बेबाबाई? तीन महिने तुमच्या नातीची शी याच हातानं काढली. तवा चाललं! याच हातचं पाणी नही चालत? पोर तहानेनं सुकून जाऊ द्या, पण तुमची बाटली बाटाले नको!”

“उद्यापासून पोरगी येनार नही.”

“न्या! खुशाल न्या. पण आज तिच्या आड कोणी येऊ नका.”

अक्कांनी माठातून पेला भरला आणि जागृतीसमोर जमिनीवर ठेवला. एवढ्या संतापातही तो अलगद ठेवला. “बेटा, मी पी म्हणणार नाही. तहान तुझी आहे. आणि तुला कुणी डागायला आलं, तर आधी मला डागावं लागेल.”

“जागू, इकडं ये!” बेबाबाई ओरडली.

जागृतीने आजीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग खाली बसून दोन्ही हातांनी पेला उचलला. गटागटा प्यायली, अर्धं फ्रॉकवर सांडलं. पेला खाली ठेवला आणि दाराकडे न जाता ती मागच्या अंगणात निघाली.

“अवं, कुठं चालली?”

थोड्या वेळाने मागून तिचा खणखणीत आवाज आला, “अक्काऽऽ, झालीऽऽ!” आणि कोणीतरी धुवायला येईपर्यंत ती विटांवर तशीच बसून राहिली.