विहिरीतली परीक्षा

मित्रांनो, माझ्या अंगावरची ठिगळं पाहून हसू नका. मी एक जुना बुचाचा डगला आहे. दर्यात पडलेल्या माणसाला तरंगत ठेवणं, हे माझं काम. मुंबईत मोडीत निघालेल्या एका आगबोटीवरचं सामान विकायला आलं, तेव्हा फिरोजानं मला उचलून किहीमला आणलं. तिचा सख्खा भाऊ दर्यानं नेला होता. नवरा तरी धडधाकट घरी यावा, एवढंच तिचं मागणं होतं.

नवरा म्हणजे वली तांडेल. तो मचव्यातून नारळ मुंबईला न्यायचा. पोहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि तोरा तर विचारूच नका! मला अंगात घालायचं सोडून तो माझ्यावर बसून विडी ओढायचा. मला फार वाईट वाटे.

पावसाळा सरला, की मचवा पाण्यात लोटण्याआधी फिरोजा मला वरवंटा बांधून विहिरीत सोडायची. मी तरंगलो, की तिच्या जिवात जीव येई. एका वर्षी मात्र मी थेट तळाला गेलो. तिनं दोर ओढून मला वर काढलं, शिवण उसवली, तर आत पाणी पिऊन जड झालेली नारळाची सोडणं!

"माझी बुचं कुठं हायत?"

"जालं बुडत व्हतं गो. त्याला लावली," वली पुटपुटला. "मला पवता येतं न्हवं?"

"पवता माझ्या भावालाबी येत व्हतं."

वलीनं जाळं ओढून पुढ्यात घेतलं. जाळ्यावरची बुचं माझ्या पोटात परत आली. फिरोजानं जाड दोऱ्यानं शिवण घातली, नव्या नाड्या लावल्या आणि नवऱ्याला कसम घातली, "मचव्यात पाय ठेवला, की ह्यो अंगात."

त्याच हंगामात, मांडव्याच्या पुढे, भर दुपारी वारा फिरला. शिडाचं आडवं लाकूड वलीच्या डोक्यात बसलं आणि तो बेशुद्ध होऊन अंगातल्या माझ्यासकट पाण्यात पडला. मित्रांनो, शुद्ध हरपलेल्याला पोहता येत नाही, मग तो वली तांडेल का असेना. त्याचं जड अंग मला खाली खेचत होतं. मला वरवंटा आठवला. सगळा जीव एकवटून मी त्याचं तोंड पाण्याबाहेर धरून राहिलो. जलील खलाशानं माझ्या नाडीला धरून त्याला ओढून घेतलं. नाडी तुटली नाही!

संध्याकाळी डोक्याला फडकं बांधून वली अंगणात आला. फिरोजा रडली, हसली, पुन्हा रडली. "अल्लाचे उपकार! आता आत येऊन पडा," ती म्हणाली.

"थांब गो. आधी ह्याला गोड्या पान्यानं धुतो. खार कापड खातो."

त्यानं स्वतः मला धुऊन सावलीत वाळत घातलं. इतक्या वर्षांत मला असं सुख लाभलं नव्हतं.

पुढच्या हंगामाआधी फिरोजा विहिरीवर आली, तर वलीच मला वरवंटा बांधत बसलेला. मला पाण्यात सोडून दोघं काठावरून वाकून बघत राहिली. मी वर आलो आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला.

मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्या होडीत असेल, तर त्याची शिवण तपासा, नाड्या ओढून बघा आणि पाण्यात जाताना त्याला अंगात घाला. तुमच्यासाठीही काठावर कुणीतरी श्वास रोखून उभं असतं.