मामांनी फुफू चावला

सेरवाशी विवाह करण्याची माझी मनीषा तिच्या मातोश्री अफ्राकोमा यांच्या कानी पडली, तेव्हा त्यांनी माझ्या शिवणकामाविषयी अथवा कुळाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर घरी येऊन फुफू कांडावा, एवढाच निरोप त्यांनी धाडला. त्या दिवशी सेरवाचे न्यार्को मामा कोनोंगोहून जेवावयास येणार होते. आणि मुलीचा होकार अथवा नकार आमच्यात मामाच्याच मुखातून बाहेर पडतो.

उकडलेले कसाव्याचे कंद आणि कच्ची केळी उखळात पडली. अफ्राकोमा मावशी उखळाशी तिवईवर बसल्या. मुसळ वर गेले की हात घालून गोळा उलटावयाचा आणि ते खाली येण्यापूर्वी हात काढून घ्यावयाचा, हे कार्य त्या चाळीस वर्षे करीत आल्या होत्या. परंतु भावी सासूबाईंची बोटे आपल्या मुसळाखाली पाहून माझे धैर्य गळाले. प्रत्येक घावापूर्वी मी थबकू लागलो आणि आदरपूर्वक पृच्छा करू लागलो, "मावशी, मारू का?"

"अरे, तू ठोकत राहा. माझा हात ठेक्यावर चालतो. असा मध्येच अडलास, तर आज खरंच बोटं जातील माझी."

हे म्हणणे मला पटले; माझ्या हातांना पटले नाही. पलीकडच्या खोलीतून आसाबेआ नामक शेजारणीने विचारले, "अफ्राकोमा, पलंगाला खिळे मारून घेतेस का गं?" अवघे अंगण हसले.

अखेरीस जे गोळे सिद्ध झाले, ते वरून तरी गुळगुळीत दिसत होते. त्यांतला एक कोंबडीच्या रश्शात ठेवून मामांपुढे मांडण्यात आला. मामांनी घास तोडला, रश्शात बुडविला, गिळावयास गेले आणि थांबले. मग त्यांचा जबडा हलला. फुफू न चावता गिळावयाचा असतो; तो चावणारा मनुष्य मी तोवर केवळ परदेशी पाहुण्यांत पाहिला होता. सेरवाने मान खाली घातली.

"दात आहेत अजून मला," मामा शांतपणे म्हणाले, "पण ते मांसासाठी राखलेत."

मावशींनी उरलेले गोळे पुन्हा उखळात टाकले आणि मला मुसळाकडे बोट दाखविले. बोटे दिसली नाहीत तर भयही वाटणार नाही, असा विचार करून मी नेत्र मिटले व मुसळ उचलले. आश्चर्य असे की ठेका आपोआप सापडला. मला तर गाण्याचीही इच्छा होऊ लागली. काही वेळाने आवाज कोरडा येऊ लागला, तथापि थांबण्याची आज्ञा नव्हती, म्हणून मी आणखी तीन घाव घातले. त्यानंतर नेत्र उघडले.

उखळ रिकामे होते. मावशी गोळा घेऊन केव्हाच उठल्या होत्या, आणि मामा तिसरा घास जबडा न हलविता गिळत माझ्याकडे पाहत होते.

"सेरवा," ते म्हणाले, "हा माणूस थांब म्हटल्याशिवाय थांबत नाही. चालेल तुला?"

"थांब म्हणायला मी आहे ना, मामा."

शनिवारी दोन बाटल्या मद्य व चार वडीलधारी माणसे घेऊन रीतसर मागणी घालावयास यावे, असे मामांनी मला सांगितले आणि आणखी रश्शासाठी वाडगे पुढे केले.