अपील फेटाळलं

चंद्रपूरच्या वकील मंडळींनी नव्या सभागृहाला इनायतुल्ला काझींचं नाव द्यायचं ठरवलं. त्यांची नात तहसीनबाई, निवृत्त शिक्षिका. चार शब्द बोलायला त्यांना बोलावणं आलं.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. इंग्रजांच्या काळात काझीसाहेब चांद्याचे, म्हणजे आताच्या चंद्रपूरचे, नामांकित वकील होते. लोकांनी त्यांना नागपूरच्या कौन्सिलात, तेव्हाच्या कायदेमंडळात, निवडून दिलं. गावकऱ्यांना जंगलातलं गवत आणि सरपण मोकळं असावं, म्हणून ते तिथे भांडले. पुढे सरकारने त्यांना जज्ज केलं.

पण एक गोष्ट घरात कुणी काढत नसे. तहसीनबाईंना ती वडिलांनी आपल्या शेवटच्या आजारपणात सांगितली. तीस सालच्या जंगल सत्याग्रहात कुरखेड्याकडच्या सुकलू नावाच्या गावकऱ्याने राखीव जंगलातलं गवत कापलं. त्याला कैद झाली. अपील काझीसाहेबांपुढे आलं आणि त्यांनी ते फेटाळलं. सुकलू तुरुंगातच हगवणीने गेला. काझीसाहेबांना नंतर बढती मिळाली.

भाषणाआधी तहसीनबाई सुकलूच्या गावी गेल्या. त्याचा मुलगा मुखरू अजून होता, नव्वदी उलटलेला. बाप गेला तेव्हा तो आईच्या पोटात होता. आपण कोण ते त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याने त्यांना खाटेवर बसवलं.

"तुमचा आजा आल्ता इथी," तो म्हणाला. "नोकरी संपल्यावर. मी लहान होतो. आईनं पाणी देल्लं. लय वेळ बसले, पाणी पेले आन उठून गेले. बोलले काईच नाई."

"काहीच नाही?"

"नाई. आई वाट पाहून राह्यली होती. काईतरी बोलतीन म्हणे."

तहसीनबाईंनी हात जोडले. आजोबांच्या वतीने माफी मागते, म्हणाल्या.

मुखरूने त्यांचे हात खाली केले. "तुमी काऊन मांगता, बाई? जिले पाह्यजे होती, ते तं गेली."

समारंभाला या, गाडी पाठवते, असं त्यांनी सांगून पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "तिथी त्याईचा फोटो लागन. माह्या बापाचा तं फोटोच नाई. कसा दिसे, मले माईत नाई."

समारंभाच्या दिवशी तहसीनबाईंनी आजोबांची कौन्सिलातली भाषणं सांगितली, मग सुकलूचं नाव घेऊन ते अपीलही सांगितलं. मग सूत्रसंचालकाने आभार मानले, आणि पुढचे वक्ते काझीसाहेबांच्या इंग्रजीबद्दल बोलू लागले.

तहसीनबाई जेवणाला थांबल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर त्यांना रडू आलं.